सर्व्हरची वर्गणी आणि कार्यालयाचा हिशेब

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज माझ्याकडे सोपविलेला विषय वरकरणी रूक्ष आहे. सर्व्हर चालविणाऱ्या प्रणालीचे परवाने कसे दिले जातात आणि त्यांचे मोल कसे आकारले जाते, हा तो विषय. ऊस, पाणी, शाळाखोल्या आणि रस्ते एवढे प्रश्न समोर असताना हे कशासाठी, असे कोणाच्या मनात आले तर ते स्वाभाविक आहे. परंतु जन्ममृत्यूच्या नोंदी, सातबाराचे उतारे, सोसायटीची कर्जखाती, शाळेचा पट हे सारे आता कोठल्या ना कोठल्या सर्व्हरवर असते. त्यांतील काही सर्व्हर मुंबईला किंवा दिल्लीला असतील, काही आपल्याच इमारतीत कुलूपबंद खोलीत असतील. आपल्या इमारतीत जे असतात ते बहुधा एकरकमी अनुदानातून आलेले असतात. यंत्र एकदाच घेतले जाते, पण त्यावरील प्रणालीचा खर्च पुष्कळदा दरसाल येतो. अनुदान एकदा आणि वर्गणी दरवर्षी, ही गाठ खरेदीच्या वेळी लक्षात आली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी गावाची दप्तरे उघड्यावर पडतात. मला जे सांगावयाचे आहे ते एवढ्याचसंबंधी आहे.

सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांच्या मागण्या पुऱ्या करणारे यंत्र. त्यातील ऑपरेटिंग सिस्टिम ही कोठीवरील कारभाऱ्यासारखी असते. कोणाला आत सोडावयाचे, कोणाला कोणते दप्तर दाखवावयाचे, एका वेळी किती कामे हाती घ्यावयाची, हे ती ठरविते. तिच्यावाचून यंत्र म्हणजे नुसता लोखंडी पेटारा होय.

आता हा कारभारी आपण विकत घेतो की भाड्याने? कायद्याने ह्याचे उत्तर दोन अंगांनी दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य ह्या खटल्यात, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा विक्रीकरापुरता 'माल' आहे असे ठरविले. २०२१ साली त्याच न्यायालयाने प्राप्तिकराच्या एका मोठ्या प्रकरणात असा निर्वाळा दिला की, असे सॉफ्टवेअर वापरण्यासाठी घेणाऱ्यास कॉपीराइटमधील कोणताही हक्क मिळत नाही. त्याला मिळते ती ठरावीक अटींवर वापरण्याची परवानगी. पुस्तक विकत घेतल्याने ते छापण्याचा हक्क मिळत नाही, तसेच हे. मात्र पुस्तक किती जणांनी वाचावे हे प्रकाशक सांगत नाही. सॉफ्टवेअरचा विक्रेता ते सांगतो, आणि त्यावरच किंमत ठरवितो. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली घातलेल्या ६३-ब ह्या कलमान्वये, चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. कार्यालयप्रमुखांनी हे कलम एकवार वाचून ठेवावे. 'एकच सीडी सगळीकडे चालते' असे सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतो.

परवानगीचे मोजमाप कशावर होते, हा खरा कळीचा मुद्दा आहे. कृष्णाकाठच्या माणसाला तो समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडू नयेत. मीटर नसलेल्या कृषिपंपाची आकारणी अश्वशक्तीवर होते, हे आपण जाणता. बिलाची रक्कम शेतकरी भरो वा सवलतीपोटी शासन भरो, हिशेब होतो तो मोटार केवढी बसविली आहे त्यावर. ती रोज दोन तास चालली काय किंवा दहा तास चालली काय, पाच अश्वशक्तीच्या मोटारीला पाच अश्वशक्तीचाच आकार. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज सर्व्हर ह्या प्रणालीचा नेहमीचा परवाना ह्याच धर्तीचा आहे. तेथे अश्वशक्तीच्या जागी 'कोअर' आहेत. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये हिशेब करणारे जे स्वतंत्र गाभे असतात, ते हे कोअर. २०१२ सालच्या आवृत्तीपर्यंत ही कंपनी प्रोसेसर मोजत असे आणि एका परवान्यात दोन प्रोसेसर बसत. एकेका प्रोसेसरमध्ये कोअरची संख्या वाढू लागली, तसे २०१६ च्या आवृत्तीपासून कोअर मोजण्यास सुरुवात झाली. यंत्रातील प्रत्येक कोअरसाठी परवाना घ्यावा लागतो, मग त्यांतील निम्मे रिकामे बसून असले तरी चालेल.

येथे किमान आकार आहे, तो ध्यानात घ्यावा. दर प्रोसेसरमागे किमान आठ आणि दर यंत्रामागे किमान सोळा कोअरचे पैसे भरावे लागतात. म्हणजे एखाद्या माध्यमिक शाळेने आठच कोअरचे लहान यंत्र घेतले, तरी परवाना सोळांचा. दुसरीकडे, विक्रेता म्हणतो, 'साहेब, थोडे पैसे वाढवा, बत्तीस कोअरचे यंत्र देतो.' लोखंडाची किंमत खरोखरीच थोडी वाढते. परवान्याची किंमत मात्र दुप्पट होते, आणि ती वेगळ्या बिलात येते. तुलनात्मक तक्त्यात यंत्राचा दर असतो, परवान्याचा नसतो. हा फरक लेखापरीक्षणात उघड होतो, तोवर यंत्र बसविलेले असते.

आकडे घेऊन पाहू. विंडोज सर्व्हर २०२५ ची कंपनीने जाहीर केलेली अमेरिकी यादीतील किंमत सोळा कोअरना, 'स्टँडर्ड' प्रकारासाठी १,१७६ डॉलर आणि 'डेटासेंटर' प्रकारासाठी ६,७७१ डॉलर अशी आहे. आपल्याकडे दर विक्रेत्यामार्फत येतो, शिक्षणसंस्थांना निराळा असतो, आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तरी प्रमाण समजण्यास हे आकडे पुरेत. हल्ली एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवितात, ज्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकाच वाड्यात भिंती घालून चार बिऱ्हाडे ठेवावीत, तसा हा प्रकार. जमाखर्च एका बिऱ्हाडात, टपालाची नोंद दुसऱ्यात, हजेरी तिसऱ्यात. स्टँडर्ड परवान्यात अशी दोन बिऱ्हाडे बसतात. चार हवी असतील तर त्याच यंत्राचा परवाना पुन्हा एकदा घ्यावयाचा, म्हणजे २,३५२ डॉलर. दहा बिऱ्हाडांना ५,८८० डॉलर होतात. बारा करू गेलो तर ७,०५६ होतात, आणि तेथे कितीही बिऱ्हाडांची मुभा देणारा डेटासेंटर परवाना स्वस्त ठरतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील बहुतेक कार्यालयांची गरज दोन ते चार बिऱ्हाडांची असावी. त्यांना डेटासेंटर परवाना सुचविणारा सल्लागार कोणाचे हित पाहतो, हे विचारावे.

एवढे भरून भागत नाही. वाड्यात येणाऱ्या माणसांचा हिशेब वेगळा आहे. 'क्लायंट ॲक्सेस लायसन्स' म्हणजे प्रवेशपरवाना, तो माणशी घेता येतो किंवा यंत्रागणिक घेता येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस संगणक असतील आणि पाळीपाळीने तीनशे विद्यार्थी त्यांवर बसत असतील, तर यंत्रागणिक तीस परवाने पुरतात. माणशी घेतले तर तीनशे लागतील. पंचायत समितीत उलट स्थिती असते. एकेका विस्तार अधिकाऱ्याजवळ टेबलावरचा संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल अशी तीन साधने असतात, तेथे माणशी परवाना घेण्यात शहाणपण आहे. आणखी एक बारकावा असा की, जुन्या आवृत्तीचा प्रवेशपरवाना नव्या आवृत्तीच्या सर्व्हरला चालत नाही. सर्व्हर बदलला की तिकिटेही बदलावी लागतात. एकरकमी परवान्यात पुढील आवृत्तीचा हक्क आपोआप येत नाही. त्यासाठी निराळे वार्षिक शुल्क असते.

ह्याच्या अगदी निराळ्या वाटेने जाणारा दुसरा प्रकार म्हणजे लिनक्स कुळातील प्रणाली. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीची घोषणा केली, लिनस टॉरवल्ड्स ह्यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, आणि ह्या दोन प्रयत्नांच्या मिलाफातून जी प्रणाली उभी राहिली तिचा परवानाच असा आहे की, ती कोणीही वापरावी, उतरून घ्यावी, बदलावी. मग रेड हॅटसारखी कंपनी पैसे घेते ते कशाचे? ती वर्गणी घेते. गावच्या वाचनालयाची आपण वर्गणी भरतो तेव्हा पुस्तके आपली होत नाहीत. वाचनालय उघडे राहते, नवी पुस्तके येतात, ग्रंथपाल जागेवर असतो. तसेच येथे पैसे सांभाळाचे आहेत. तपासून दिलेल्या दुरुस्त्या, सुरक्षेतील भोके बुजविणारे तुकडे, अडल्यास विचारण्यासाठी जाणकार माणूस, आणि सुमारे दहा वर्षे एकच आवृत्ती सांभाळण्याचे वचन, ह्यांसाठी ती वर्गणी असते.

तिचे माप कोअर नसून प्रोसेसर बसविण्याची खाच, म्हणजे 'सॉकेट' हे आहे. एका वर्गणीत दोन सॉकेटपर्यंतचे एक यंत्र किंवा दोन आभासी यंत्रे बसतात. सूझे ह्या जर्मन कंपनीची रीतही साधारण अशीच. रेड हॅटच्या प्रसिद्ध यादीत कित्येक वर्षे कचेरीच्या वेळेतील मदतीसह वर्षाला ७९९ डॉलर आणि अहोरात्र मदतीसह १,२९९ डॉलर असे दर होते; पुढे ते वाढले. जुन्या दराने जरी पाच वर्षांचा हिशेब केला, तरी ७९९ चे ३,९९५ डॉलर होतात. म्हणजे 'लिनक्स फुकट असते' हे विधान आणि 'लिनक्स स्वस्तच पडते' हे विधान, दोन्ही तपासल्यावाचून मान्य करू नयेत. उलट बाजूस, येथे प्रवेशपरवाने लागत नाहीत. तीनशे विद्यार्थी असोत की तीन हजार खातेदार, वर्गणी तीच. माणसे जास्त आणि यंत्रे थोडी असलेल्या संस्थेस हे माप मानवते.

वर्गणी संपली म्हणजे काय होते, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. यंत्र बंद पडत नाही, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. सर्व्हर चालू दिसतो, उतारे निघतात, हजेरी लागते. बंद झालेली असते ती दुरुस्ती. चोराला नवी चावी सापडली तरी आपले कुलूप जुनेच राहते. चालू यंत्राकडे पाहून नूतनीकरणाचा प्रस्ताव कोणीही तातडीचा मानीत नाही. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. त्या वेळचे एखादे दप्तर आज सोडून वाचावयाचे तर वाळवी लागलेली नसली म्हणजे झाले. आजच्या दप्तराची वाळवी डोळ्यांना दिसत नाही.

फुकटालाही मुदत असते, ह्याचे उदाहरण ताजे आहे. रेड हॅटच्या प्रणालीची जुळी बहीण म्हणावी अशी सेंटओएस नावाची विनामूल्य प्रणाली जगभरच्या महाविद्यालयांनी आणि कार्यालयांनी बसविली होती. तिच्या आठव्या आवृत्तीचा सांभाळ २०२९ पर्यंत होईल अशी अपेक्षा होती. ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की, तो २०२१ च्या अखेरीस संपेल. सातव्या आवृत्तीचा सांभाळ ३० जून २०२४ रोजी संपला. तिच्या जागी २०२१ साली अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ह्या दोन प्रणाली उभ्या राहिल्या, आणि वाट सापडली. परंतु स्थलांतराचे काम ज्यांना करावे लागले त्यांना त्याचा खर्च विचारून पाहावा. विकतच्या बाजूलाही असे धक्के बसतात. आभासी यंत्रांसाठी सर्वत्र वापरात असलेल्या व्हीएमवेअरचे कायमचे परवाने डिसेंबर २०२३ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आले आणि केवळ वर्गणी उरली. विक्रेत्याच्या मर्जीवर ज्याचा कारभार अवलंबून आहे, त्याने दुसरी वाट आधीच पाहून ठेवलेली बरी.

आपल्या शासनांनी ह्याचा विचार केलेला नाही असे मात्र नाही. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. त्यानुसार शासकीय प्रणालींसाठी मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्यावयाची, पुरवठादाराने त्याचा विचार करावयाचा, आणि तो पर्याय वगळल्यास कारण द्यावयाचे. निवड करताना संपूर्ण आयुष्याचा खर्च आणि मदतीची सोय पाहावी, असेही त्यात सांगितले आहे. निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती हे एक चांगले साधन आहे. ते वापरलेले मात्र फारसे दिसत नाही. सी-डॅक ह्या आपल्या शासकीय संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही लिनक्सची भारतीय आवृत्ती २००७ पासून उपलब्ध आहे. केरळने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आणले ते शिक्षकांना आधी शिकवून. नुसती प्रणाली बदलून ते साधले नसते. शिक्षकबंधूंनी ह्याची विशेष नोंद घ्यावी. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे लिनक्स मंडळ आहे. कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या तरुणांकडून शाळांना प्रणाली बसवून घेता येईल आणि शिकूनही घेता येईल. मात्र सोसायटीची कर्जखाती त्यांच्या भरवशावर ठेवणे योग्य नव्हे. परीक्षा आल्या की विद्यार्थी जातो, आणि ते रास्तच आहे. जेथे लोकांचा पैसा आहे तेथे करार करून, शुल्क देऊन, जबाबदार माणूस नेमला पाहिजे.

वर्षावर्षाच्या खर्चाने चांगली योजना कशी दमते, हे आपल्या शेजारीच पाहावयास मिळाले. १९९८ साली वारणा खोऱ्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावी संगणककेंद्रे, ऊसनोंदणी, वजनाची माहिती, खतांचा हिशेब. देशभर त्याचे कौतुक झाले आणि ते योग्य होते. पुढील दशकात मायक्रोसॉफ्टच्याच भारतातील संशोधन शाखेने तेथे अभ्यास केला. परवाने विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी संगणक काढण्याचा उपाय सुचवावा, ही गंमतीची गोष्ट आहे. सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांनी तेच काम करून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांनाही अधिक आवडले. संगणककेंद्रांचे बहुतेक काम ऊसाच्या हिशेबापुरते उरले होते, आणि तेवढ्यासाठी गावोगावची यंत्रे सांभाळणे परवडण्याजोगे नव्हते. गरज केवढी आहे ते पाहून साधन निवडावे, हे वारणेच्या शेतकऱ्याने फार आधी ओळखले.

आता तशीच, किंबहुना फार मोठी, योजना आपल्या दारी आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मान्यता दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये धरण्यात आला, म्हणजे संस्थेमागे सरासरी चार लाखांच्या आसपास. आपल्याकडील विकास सेवा सोसायट्यांना ह्या विषयाचे महत्त्व मी सांगण्याची गरज नाही. ह्या योजनेतील चांगली गोष्ट अशी की, नाबार्डच्या देखरेखीखाली एकच सामाईक प्रणाली ठेवण्यात आली. प्रत्येक सोसायटीने आपापला सर्व्हर, आपापला परवाना घेण्याचे कारण उरले नाही. मध्यवर्ती सर्व्हरचा परवाना मध्यवर्ती पातळीवर. परंतु योजनेचा काळ संपल्यावर जोडणी, दुरुस्ती आणि वापराचे वार्षिक शुल्क कोणी, कोणत्या शीर्षाखाली भरावयाचे, हे संचालक मंडळाने आताच ठरावात आणावे. सचिवाच्या पगारालाच ओढाताण असलेल्या सोसायट्या ह्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत.

मेघराज ह्या शासकीय क्लाउडवर किंवा खासगी क्लाउडवर काम ठेवणे म्हणजे मीटरची वीज घेणे. तेथे तासागणिक आकार पडतो, आणि पुष्कळदा प्रणालीचा परवाना त्या तासाच्या दरातच धरलेला असतो. निकालाचे आठ दिवस किंवा प्रवेशाचा महिना एवढेच काम असेल तर हे फार सोयीचे. बारा महिने चोवीस तास चालणाऱ्या कामाला मीटर धावतच राहतो; तेथे पाच वर्षांची बेरीज मांडल्यावाचून निर्णय घेऊ नये.

निविदेच्या मसुद्याबद्दल दोन शब्द सांगतो. 'सर्व्हर, एक नग, प्रणालीसह' ही ओळ खोडून टाकावी. तिच्या जागी यंत्रातील प्रोसेसर आणि कोअर, आभासी यंत्रांची संख्या, वापरणारी माणसे व साधने लिहावीत, आणि पुरवठादाराकडून पाच वर्षांचा वर्षवार खर्च मागावा: पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, नूतनीकरणाचा दर किती टक्क्यांपर्यंत वाढू शकेल. परवाना आणि वर्गणी कार्यालयाच्या नावे व कार्यालयाच्या ई-मेलवर असावी. पुरवठादाराच्या किंवा बदलून गेलेल्या लिपिकाच्या नावे असलेली वर्गणी नूतनीकरणाच्या दिवशी कोणाच्याच हाती लागत नाही. दप्तर दुसऱ्या प्रणालीवर नेता येईल अशा खुल्या स्वरूपात परत देण्याची अट असावी. आणि वार्षिक रक्कम आवर्ती खर्चात दाखवावी. ती यंत्रसामग्रीच्या एकवेळच्या शीर्षात दडविली तर पुढील वर्षी तरतूद नसते.

जडवस्तू नोंदवहीत यंत्राचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि किंमत हे रकाने आपण भरतोच. त्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखून घ्यावेत: प्रणालीची आवृत्ती आणि तिचा सांभाळ संपण्याची तारीख. विंडोज सर्व्हर २०१२ चा सांभाळ १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, आणि त्यानंतर जास्तीत जास्त तीन वर्षे, तीही वेगळे पैसे भरून, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवण्यात आली. २०१६ च्या आवृत्तीसाठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख ठरलेली आहे. परत गेल्यावर आपल्या कार्यालयातील सर्व्हरवर ह्यांपैकी कोणती आवृत्ती आहे ते पाहून पहिली नोंद त्या रकान्यात करावी. त्यासाठी निविदा लागत नाही, दहा मिनिटे पुरतात.